दोन कुत्र्यांना एकत्र फिरवताना दोरी कधी बांधावी आणि कधी सोडावी?

प्रश्न

माझ्याकडे दोन कुत्रे आहेत. मोती ८ वर्षांचा, साधारण ३० किलो वजनाचा आणि प्रत्येक झाडापाशी थांबून सावकाश वास घेणारा आहे. चिंगी १४ महिन्यांची, १२ किलोची आणि सतत पुढे ओढणारी आहे. दोघांना वेगवेगळे नेले तर फारशी अडचण येत नाही, परंतु एकत्र नेले की दहा मिनिटांत दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशी माझी ओढाताण सुरू होते. मोकळ्या मैदानात त्याहून कठीण होते. एकटा असताना पहिल्या हाकेला परतणारा मोती चिंगी धावू लागली की माझ्याकडे वळूनही पाहत नाही. गेल्या आठवड्यात दोघेही एका पळणाऱ्या मुलामागे धावले. मुलाला काही इजा झाली नाही, पण त्याचा भेदरलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. यापुढे दोघांनाही कायम बांधूनच ठेवावे काय? तसे केल्यास मोतीचे इतक्या वर्षांचे मोकळे फिरणे बंद होईल, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद १

मोती हट्टी झाला आहे, असे कृपया समजू नका. कुत्रा जे शिकतो ते त्या त्या परिस्थितीशी जोडून शिकतो. एकटे असताना हाक आली की परतायचे, हे त्याला ठाऊक आहे. चिंगी समोर पळत असताना परतायचे, हा त्याच्या दृष्टीने वेगळाच धडा आहे आणि तो त्याला अजून कोणी दिलेला नाही. त्यातच १४ महिने हे कुत्र्याचे पौगंडावस्थेचे वय असल्याने पिल्लू असताना पक्के वाटलेले धडे या काळात ढिले पडतात, आणि एकाच्या अंगात आलेला जोश दुसऱ्याला लागायला क्षणही पुरत नाही.

माझ्याकडे दोन माद्या होत्या तेव्हा मी जवळजवळ दोन महिने रोजची एक फेरी दोघींची वेगवेगळी ठेवली होती. वेळ दुप्पट लागत असे, पण त्याला दुसरा मार्ग मला सापडला नाही. धाकटीने दोरी ताणली की मी जागीच उभी राहत असे आणि दोरी सैल झाली की पुढे निघत असे; थोरली सोबत असती, तर धाकटीच्या ओढण्यापायी तिलाही विनाकारण थांबावे लागले असते.

एकत्र नेताना प्रत्येकाची बाजू ठरवून टाका, म्हणजे मोती नेहमी डावीकडे आणि चिंगी नेहमी उजवीकडे, आणि खाऊही ज्याचे नाव घेतले त्याला त्याच्याच बाजूला द्या. दोघांना एकाच दोरीला जोडणारा दुहेरी पट्टा मात्र घेऊ नका, कारण मोती झाडाकडे वळला की चिंगी त्याच्यामागे फरफटत जाईल. ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळपट्ट्याचा दाब थेट श्वासनलिकेवर येतो, म्हणून चिंगीसाठी छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे मानेऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, बरा. आणि मोतीला वास घेऊ द्या. आपल्याला तो खोळंबा वाटतो, पण त्याच्यासाठी फिरणे म्हणजे तेच असते.

मैदानात चिंगीच्या हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला १० मीटरची लांब दोरी बांधा. ती गळपट्ट्याला कधीही बांधू नये, कारण धावता धावता दोरी संपली की मानेला जोराचा हिसका बसतो. हाक मारा, आली की खाऊ द्या आणि लगेच पुन्हा जाऊ द्या. आपण बहुतेक वेळा घरी निघतानाच हाक मारतो, त्यामुळे हाक म्हणजे मोकळेपणाचा शेवट, असे कुत्र्याच्या मनात पक्के बसते.

प्रतिसाद २

वरील सूचनांशी मी सहमत आहे. केवळ हातांविषयी लिहितो. दोरी बोटांना गुंडाळून धरू नका. दोन कुत्र्यांनी एकदम झेप घेतली तर बोट मोडू शकते, आणि माझ्या तळहाताची कातडी अशाच प्रसंगी सोलली गेली होती. आपोआप गुंडाळली जाणारी बारीक दोरीही दोघांसाठी वापरू नये. ती गुंतली की कापते. शिवाय ओढले की दोरी लांब होते, असे कुत्रा तीतून शिकतो, आणि तेच तर आपल्याला नको असते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चिंगी लांब दोरीवर असताना मोतीला पूर्ण मोकळे सोडले तर चालेल काय?

प्रतिसाद ३

चालेल, मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली चिंगीची. दुसरा मोकळा हिंडत असताना बांधलेला कुत्रा चडफडतो आणि ती चडफड पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांवर भुंकण्यात उतरू शकते, म्हणून मोतीची मोकळीक आरंभी पाच मिनिटांचीच ठेवा आणि तेवढ्या वेळात गवतात खाऊ पसरून चिंगीला शोधायला लावा. घरातले आणखी कोणी सोबत आले तर हे बरेच सोपे होते.

दुसरी गोष्ट परक्या कुत्र्याची. मोकळा कुत्रा वळसा घालून भेटू शकतो किंवा नको असल्यास निघून जाऊ शकतो. बांधलेल्याला यांपैकी काहीच करता येत नाही आणि तो भीतीपोटी अंगावर जातो. त्यामुळे दुसरा कुत्रा किंवा एखादे मूल दूरवर दिसताच मोतीला बोलावून बांधा. ‘आमचा कुत्रा काही करत नाही’ या वाक्याने घाबरलेल्या मुलाची भीती जात नाही.

मोती समोर पळत असतानाही चिंगी त्याच मैदानात सलग कित्येक दिवस पहिल्या हाकेला परतली, तरच तिची दोरी सोडण्याचा विचार करावा. तेव्हाही दोघांना एकाच क्षणी सोडू नका. आधी मोतीला सोडा, तो खाली मान घालून वास घेऊ लागला की मग चिंगीची कडी काढा. आणि परतताना आधी चिंगीला बांधा, कारण ती तुमच्यापाशी उभी आहे असे दिसले की मोती बहुधा आपणहून येईल.