ठेंगण्या, अरुंद पॅसेजसाठी छताचे दिवे : आपले अनुभव लिहा

दिवाणखान्यातून झोपायच्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज बहुतेक फ्लॅटमध्ये तीन-साडेतीन फूट रुंद असतो, आणि त्यावर माळा काढलेला असेल तर मोकळी उंची सात फुटांच्या आसपासच उरते. खिडकी नसल्यामुळे तिथे भर दिवसाही दिवा लागतो, तरीही घराचे काम करताना या जागेचा विचार सर्वांत शेवटी होतो. आपण अशा जागी कोणता दिवा निवडला, तो नेमका कुठे बसवला आणि रोजच्या वापरात काय जाणवले, ते सविस्तर लिहावे.

आमच्यापासून सुरुवात करते. आमचा माळा आरसीसीचा आहे. त्याचा स्लॅब पातळ असतो आणि आत सळया असतात, त्यामुळे तो खोदून दिवा आत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून छताला चिकटून बसणारे ६ वॅटचे दोन गोल सरफेस पॅनल घेतले आणि वायर केसिंग पट्टीतून नेली. मधोमध १२ वॅटचा एकच दिवा लावला असता, तर तो सतत डोळ्यांवर आला असता आणि दोन्ही टोके अंधारीच राहिली असती. खरेदीपूर्वी मात्र एक गोष्ट आवर्जून केली. पॅसेजमध्ये उघडणारे प्रत्येक दार पूर्ण उघडून त्याची वरची कड आणि छत यांच्यातले अंतर टेपने मोजले. न्हाणीघराच्या दाराशी ते जेमतेम दोन इंच भरले, त्यामुळे दिव्याची जागा दाराच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर सरकवावी लागली.
— डोंबिवली

आमच्याकडे उंची नऊ फूट आहे, पण रुंदी तीनच फूट. इंटिरियरवाल्यांचा आग्रह होता की पीओपीचे फॉल्स सीलिंग करून मधल्या रेषेत सीओबीचे स्पॉट (अरुंद झोताचे छोटे एलईडी दिवे) बसवावेत. त्यांनीच पूर्ण केलेले एक घर आम्ही संध्याकाळी जाऊन पाहिले. तिथे फरशीवर उजेडाची वर्तुळे पडत होती आणि भिंतींचा वरचा भाग काळवंडलेला दिसत होता, त्यामुळे मुळात बरा असलेला पॅसेज बोगद्यासारखा वाटत होता. स्पॉटचा झोत साधारण २४ ते ३६ अंशांचा असतो. तो चित्रावर किंवा देव्हाऱ्यावर टाकायला उत्तम, पण चालण्याच्या वाटेवर त्याचा उपयोग थोडा. जागेची रुंदी आपला डोळा भिंतींवरून जोखतो, म्हणून उजेड आधी भिंतीवर पडला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. आम्ही फॉल्स सीलिंग रद्द केले आणि चार-पाच इंच उंची वाचवली. एका भिंतीपासून आठ-नऊ इंचांवर सलग प्रोफाइल लाइट (धातूच्या लांब पट्टीत बसवलेला एलईडी दिवा) बसवला आणि त्या भिंतीला ऑफ-व्हाइट मॅट रंग दिला. चकचकीत ऑइल पेंट असता, तर दिव्याचे प्रतिबिंब त्यात टोचत राहिले असते. वरच्या ताई मधोमध दिवा टाळतात ते योग्यच आहे. शक्य असल्यास त्यांनी दोन्ही पॅनल एका भिंतीकडे सरकवून पाहावेत.
— पुणे, कोथरूड

गावाकडच्या घरात माजघर आणि पडवी यांच्यामधली वाट लाकडी माळ्याखालून जाते, आणि उंच माणसाला तुळईखाली मान झुकवावीच लागते. तिथे तुळईवर काहीही लावायचे नाही, एवढे आधीच ठरले होते. दोन तुळयांच्या मधल्या गाळ्यात, फळ्यांना चिकटून ५ वॅटचे दिवे लावले. ते तुळईच्या खालच्या कडेच्या वरच राहतात, म्हणून डोक्याला लागत नाहीत. मात्र प्रत्येक गाळ्यात दिवा नसेल, तर तुळईची दाट सावली पुढच्या गाळ्यात पडते. उंबऱ्यावर अशी सावली धोक्याची, म्हणून तिथला दिवा चुकवू नये. रंग पिवळसरच घ्यावा. पावसाळ्यात पांढऱ्या उजेडावर जास्त पाखरे येतात, आणि पाखरांमागून पाली. लाकडावरून जाणारी वायर पाइपातूनच न्यावी.
— राजापूर तालुका

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि रात्री त्यांना पॅसेजमधून न्हाणीघराकडे जावे लागते. त्या वयात डोळ्यांना जास्त उजेड लागतो, पण अंधारातून एकदम लख्ख उजेडात आल्यावर दिपतेही लवकर. म्हणून छताला दुधी झाकणाचा, पिवळसर उजेडाचा ३००० केल्विनचा दिवा घेतला. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र कूल डेलाइट मुद्दाम टाळला. दोन्ही टोकांना टू-वे स्विच आहेतच, शिवाय फरशीपासून फूटभर उंचीवर मोशन सेन्सरचा छोटा दिवा आहे. असा सेन्सर समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणाऱ्याला लवकर टिपतो. म्हणून तो पॅसेजच्या टोकाला न लावता, खोलीतून बाहेर पडणारे पाऊल त्याच्यासमोरून आडवे जाईल अशा जागी, दाराजवळच्या भिंतीवर लावला आहे.
— नाशिक

मी वायरिंगची कामे करतो, म्हणून थोडे दुरुस्तीविषयी. एलईडीच्या दिव्यात बहुधा आधी ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) जातो, एलईडी नव्हे. ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येईल असाच दिवा मागावा. पॅसेजमध्ये सर्व दिवे एकाच नजरेत येतात, त्यामुळे पुढे एखादा बदलताना पांढऱ्या-पिवळ्या छटेतला फरक लगेच डोळ्यांत भरतो. त्याच खेपेतला एक दिवा जास्तीचा घेऊन ठेवावा. इन्व्हर्टर असल्यास पॅसेजचा निदान एक पॉइंट त्यावर घ्यायला सांगावे, आणि हे भिंती बंद होण्यापूर्वीच सांगावे.
— कोल्हापूर