गाइड आहेत, पण मेंटॉर कुठून आणायचा? (आरोग्य-संशोधन, पीएचडी)

रानवारा
सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. विषय आदिवासी पाड्यांवरची सिकलसेल (रक्ताचा एक आजार) तपासणी. मी अनुसूचित जमातीतली, विभागात आमच्यापैकी प्राध्यापक कोणी नाही. गाइडशी बोलणं ‘नमुने किती झाले?’ इथेच थांबतं. विश्लेषण दुसरंच कुणी करतं. बाहेरचा मेंटॉर कसा गाठायचा आणि त्याच्याकडे नेमकं काय मागायचं? पेपरात नाव कितवं, हे आत्ता विचारणं उद्धटपणाचं दिसेल का?

सूक्ष्मदर्शी
सगळं शिकवणारा एकच माणूस शोधू नका, मिळत नाही. आकडेशास्त्राला एक, लिखाणाला एक आणि अर्ज, मुलाखती, नेमणुका यांतल्या खाचाखोचा सांगणारा एक, असे तिघे पुरतात. तिसरा शक्यतो आरक्षित प्रवर्गातूनच वर आलेला असावा. पहिल्या दोघांची जात बघत बसू नका, मसुदा वाचतात का ते बघा.

‘मला मार्गदर्शन करा’ असा मेल उत्तराविना पडून राहतो, कारण वाचणाऱ्याला करायचं काय तेच कळत नाही. सहा-सात ओळी लिहा, एकच प्रश्न विचारा, वीस मिनिटं मागा. उदा. “एकाच घरातले तीन-चार जण माझ्या नमुन्यात आहेत. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन चालेल, की घर हा क्लस्टर धरावा?” म्हणजे हो/नाही निकालाचं नेहमीचं मॉडेल लावताना प्रत्येक माणूस सुटा धरायचा, की घर हा एक गट. तुमच्या विषयात हा प्रश्न खराच आहे. सिकलसेल आनुवंशिक आहे. एका घरातले नमुने स्वतंत्र धरले तर कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असेल असा अंदाज) असायला हवा त्यापेक्षा अरुंद दिसतो आणि परीक्षक तिथेच धरतात.

भेट झाली की त्याच दिवशी तीन ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. गाइडशी बोलणं झाल्यावरही हेच करा.

तिसरा_लेखक
नावाचं आत्ताच विचारा. विश्लेषण झाल्यावर विचारलं तर उशीर होतो.

तुमच्यासारख्यांचा घात इथेच होतो. भाषा येते, पाड्यावर लोक दार उघडतात, म्हणून फील्डवर्क गळ्यात पडतं आणि पेपरात शेवटी आभार मानले जातात. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या लेखकत्वाच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा (डेटा गोळा करणं यात येतं), मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याचे बदल करणं, अंतिम प्रतीला संमती आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. पण पहिली अट पुरी करणाऱ्याला मसुद्यावर काम करायची आणि अंतिम प्रतीला संमती द्यायची संधी द्यावी, असंही तिथेच लिहिलंय. हे फार जणांना माहीत नसतं, किंवा सोयीस्कर विसरलं जातं.

थेट हक्काची भाषा नको, कामाची वापरा: “सर, सिकलसेलच्या प्रमाणावरच्या पेपरचा पहिला मसुदा मी लिहू का? डेटा क्लीनिंगलाही मीच बसते.” होकार आला की क्रेडिटच्या (CRediT, पेपरात कोणी कोणतं काम केलं हे नोंदवायची पद्धत) १४ भूमिकांचा तक्ता भरून सगळ्यांना पाठवा. विश्लेषण करणाऱ्याकडून नुसते टेबल घेऊ नका, ‘आर’ची (आकडेशास्त्राचं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट मागा आणि स्वतःच्या मशीनवर चालवून तेच आकडे येतात का बघा. याशिवाय व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) उभं राहता येत नाही.

फाइल_नं_७
आता कंटाळवाणं पण पोटापाण्याचं. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय फेलोशिपच्या दर वर्षी नव्या ७५० जागा असतात. घेतली नसेल तर बघा. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) जेआरएफ, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप, असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि त्यापुढची एसआरएफ ४२,००० रुपये. पैसे अडकतात ते बहुधा विद्यापीठातच. पोर्टलवर दर महिन्याला विद्यापीठाचा एक माणूस (मेकर) तुमची माहिती भरतो, दुसरा (चेकर) ती मंजूर करतो. एक जण रजेवर गेला की महिना लटकला. दोघांची नावं आणि टेबल माहीत करून घ्या. दोन वर्षांनी एसआरएफसाठी तीन जणांची समिती बसते, त्यात एक बाहेरचा तज्ज्ञ असतो. त्याची तारीख आधीच मागून ठेवा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे जावं लागतं. प्रगती असमाधानकारक म्हटली तर समितीने कारणं नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात. तोंडी ताशेऱ्यांवर घरी येऊ नका, इतिवृत्ताची प्रत घ्या. पुढे गाइड बदलायची वेळ आली तर तीच कामाला येते.

आणि जातवैधता प्रमाणपत्र नसेल तर आजच मागे लागा. राखीव पदाची जाहिरात निघाल्यावर धावपळ करून ते हाती येत नाही.

रानवारा
आभार. बाहेरच्या मेंटॉरबद्दल गाइडना सांगायचं का? आणि डेटा दाखवायचा का?

सूक्ष्मदर्शी
सांगायचं, आणि आधी सांगायचं: “आकडेशास्त्राच्या एका शंकेसाठी अमुक मॅडमना विचारतेय.” नंतर कळलं की गैरसमज होतो.

डेटा मात्र पाठवू नका. नैतिकता समितीच्या मंजुरीत ज्यांची नावं आहेत त्यांच्यापलीकडे तो जात नाही. पाड्याचं नाव, वय आणि आडनाव एवढ्यावरून गावात माणूस ओळखू येतो; ‘वाहक’ (स्वतःला आजार नसला तरी मुलांत तो जाऊ शकतो असा) हा शिक्का लग्न मोडायला पुरतो. कॉलमची नावं तीच ठेवून वीस खोट्या ओळींची शीट करा आणि ती दाखवा. मॉडेलच्या शंकेला तेवढं पुरतं.