विटा नकोत, चिरे परवडत नाहीत, मग भिंत कशाची?

सत्तरीकर: नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या पुढे आमचं जुनं मातीचं घर आहे, गेल्या पावसात मागची भिंत बसली. आई तिथेच राहते, म्हणून दोन खोल्या नव्याने बांधायच्यात. चिरे, म्हणजे जांभा दगड, घ्यायचे तर ट्रकचं भाडंच अंगावर येतं, आणि विटा घाटावरून येतात, त्यासाठी शेताची वरची कसदार माती जाते नि भट्टीत केवढं जळण लागतं, मन होत नाही. कोणी म्हणालं मशीनवर दाबून मातीचे ब्लॉक करा. आपल्या पावसात टिकतील का?

मेस्त_डिचोली: टिकतात भाऊ, पण सिमेंट न घातलेला ब्लॉक पाण्यात विरघळतो हे डोक्यात पक्कं ठेव. ५ ते ८ टक्के सिमेंट लागतं. आपली तांबडी माती याला चांगली, वरचा पालापाचोळ्याचा थर सोडून खालची घ्यायची. पारदर्शक बाटलीत माती नि पाणी हलवून रात्रभर ठेव, तळाला वाळू बसते, चिकणमाती वर राहते. चिकण जास्त दिसली तर चिरेखाणीतला भुगा मिसळ. ओल बघायला मुठीत गोळा करून खांद्याएवढ्या उंचीवरून सोड, चार-पाच तुकडे झाले की बरोबर, तसाच आपटून बसला तर पाणी जास्त. हाताने चालणारं मशीन नवीन नाही, सिन्व्हा रॅम कोलंबियात १९५० च्या दशकात निघालं, बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतही यावर बरंच काम झालंय.

पेडण्याची_माई: बाळा, माझा अनुभव ऐक. आम्ही रांधपघर असंच बांधलं, घाईत आठच दिवस पाणी मारलं आणि पहिल्याच पावसात कडा झडायला लागल्या. नंतरचे ब्लॉक सावलीत रचून, गोणपाट टाकून पूर्ण २८ दिवस ओले ठेवले, ते अजून घट्ट आहेत. कालवलेला माल लगेच दाबायचा, तासभर पडून राहिला की सिमेंट वाया. ब्लॉक पारखायचा तर २४ तास पाण्यात बुडवून बघ, सुके सगळेच चांगले वाटतात.

मेस्त_डिचोली: माई बरोबर सांगतात. आणि सगळी भिंत ब्लॉकची नको. जोतं चिऱ्याचंच कर, दोन फूट तरी, तेवढे चिरे परवडतील. वळचण तीन फूट बाहेर काढ. पश्चिमेकडून झड येते त्या बाजूला पूर्वी झावळ्या बांधायचे ना, तिथे पडवी काढ, भिंतीला पाणी लागणारच नाही.

कुळागर_२: फ्लाय अॅश वीटही बघता येईल, भट्टी लागत नाही, पण गोव्यात औष्णिक केंद्राची राख कुठून, तीही बाहेरूनच येणार, मग भाडं तेच. माती तुझ्या अंगणातली आहे.

सत्तरीकर: माई, मेस्त, खूप आभार. पायाच्या खड्ड्यातली माती बाटलीत भरून ठेवलीय, उद्या थर बसले की फोटो टाकतो. मशीन भाड्याने कोणाकडे मिळेल का? पाऊस गेला की दिवाळीनंतर ब्लॉक पाडायचा विचार आहे.