बेटांवरच्या जुन्या कादंबऱ्या: पाऊण तासात काय मांडावं?

कृष्णाकाठ_सांगली: आमच्या वाचनकट्ट्यावर 'अभिजात साहित्यातली बेटं' हा विषय मांडायचा आहे. वेळ पाऊण तास. ओडिसी, टेम्पेस्ट, क्रूसो, गलिव्हर, ट्रेझर आयलंड, यादी वाढतच चालली आहे. काय ठेवू, काय गाळू? 'बेट म्हणजे एकटेपणा' याच्या पुढे जायचं आहे.

वाईचा_वाचक: तीनच ठेवा, त्यात डॅनियल डेफोचा 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) हवाच. पण मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती नको, तिच्यात गलबत निघालं कशाला तेच गळतं. ब्राझीलमध्ये क्रूसोचा मळा होता. तिथं राबायला गुलाम आणण्यासाठी तो आफ्रिकेकडे निघाला आणि वाटेत गलबत फुटलं. हे माहीत असलं की पुढे बेटावर भेटलेल्या फ्रायडे या माणसाला तो आपलं नाव म्हणून 'मालक' हा शब्द शिकवतो, ते वाक्य वेगळंच ऐकू येतं. एकटेपणाचा मुद्दा तिथंच मोडतो.

कट्ट्यावर तारखाही तपासायला लावा. तो बेटावर लागतो ३० सप्टेंबर १६५९ ला, सुटतो १९ डिसेंबर १६८६ ला. मुक्काम मात्र २८ वर्षं २ महिने १९ दिवस सांगतो. वजाबाकी केली तर २७च वर्षं भरतात! खांबावर रोज खाच पाडणाऱ्या माणसाच्या हिशोबातलं हे वर्ष कुठं गेलं, यावर चर्चा छान रंगते.

कराड_संगम: दुसरं थॉमस मोरचं युटोपिया (१५१६) घ्या आणि त्यातल्या कल्पित बेटाचा फळ्यावर नकाशा काढायला लावा. आकार चंद्रकोरीचा, मधली रुंदी २०० मैल, घेर ५०० मैल. ५०० ला ३.१४ ने भागा, व्यास साधारण १५९ मैल येतो. म्हणजे २०० मैल रुंदीचं बेट त्या घेरात मावतच नाही. नकाशा इथं अडला की घाईनं पुसू नका. मुळात ते बेटच नव्हतं, जिंकणाऱ्या राजानं १५ मैलांची जमीन खोदून ते तोडून घेतलं, हे याच वेळी सांगा. बेट सापडलेलं नाही, पाडलेलं आहे. माझ्या मते तुमच्या विषयाचा गाभा हाच.

ट्रेझर आयलंड वेळ उरला तरच. तिथं नकाशा आधी आणि गोष्ट मागून आली, एवढं पुरे.

मिरजकर_ग्रंथप्रेमी: तिसरी लंका हवी. तिथं उलट आहे, तोडलेलं जोडायचं आहे. वाल्मीकी रामायणाच्या प्रचलित पाठात सेतूचं रोजचं काम दिलंय: १४, २०, २१, २२, २३ योजनं. पाच दिवसांत बरोबर १००. युटोपियाच्या फसलेल्या गणिताशेजारी हे लिहा.

कृष्णाकाठ_सांगली: आभारी आहे. म्हणजे क्रूसो, युटोपिया, लंका. सुरुवात कुठून करू?

मिरजकर_ग्रंथप्रेमी: 'बेट' या शब्दापासूनच. आपण बांबूचंही बेट म्हणतो, तिथं पाण्याचा संबंध नाही. मग बहे गावाजवळचं, कृष्णेच्या पात्रातलं रामलिंग बेट घ्या, कृष्णेचं पाणी चढलं-उतरलं की त्याची कड बदलते. तिथून थेट राजानं खोदलेल्या त्या १५ मैलांवर या.