रत्नागिरीहून थेट ट्रॉम्सो, बर्फात निभेल का?

रत्नागिरीची_मुलगी: नॉर्वेत ट्रॉम्सोला मत्स्य संशोधनात जॉब मिळालाय, डिसेंबरात जॉइन. आमच्याकडे थंडीतपण पंखा लागतो आणि तिथे म्हणे सूर्यच उगवत नाही, आई रोज रडतेय. तिथे राहिलेल्यांनी खरं काय ते सांगा ना.

मालवणी_माणूस: ताई अभिनंदन! थंडीला घाबरू नको, समुद्राच्या गरम प्रवाहामुळे तिथलं बंदर गोठत नाही, जानेवारीत सरासरी उणे ४ च्या आसपास. खरा त्रास अंधाराचा. नोव्हेंबर संपताना सूर्य जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येतच नाही, दुपारी थोडे तास निळसर उजेड तेवढा, त्या वेळात रोज बाहेर पडच, व्हिटॅमिन डी घे (तिथले लोक कॉड माशाचं तेल घेतात) आणि एकटी घरात बसू नकोस, अगदी कळकळीनं सांगतोय.

गुहागरकर: आतून लोकरीचे कपडे, कॉटन नको, घामाने ओलं झालं की गारठतं. बुटाला लावायचे खिळे घेच, बर्फ वितळून परत गोठतो, रस्ता काच होतो.

दापोली_ते_ऑस्लो: पोचल्यावर पोलिसांकडे रेसिडेन्स कार्ड, मग टॅक्स ऑफिसात नोंदणी. ओळख क्रमांक मिळेपर्यंत बँकेचं काम अडतं. तूप नेऊ नको, भारतातून सामानात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिरफळं, कोकम मात्र ने, तिथला मॅकरेल आपल्या बांगड्याच्याच घराण्यातला, तिखलं झकास होतं.