मदत हवी आहे : छपराच्या जुन्या लाकडी पुलांची नोंद कशी करता?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीला असतो, इथे असा जुना पूल उरलाय एकच, ग्रीन सार्जंट्स, १८७२ चा, पण शेजारी पेनसिल्व्हेनियात दोनशेच्या वर आहेत, त्यामुळे बाबा इकडे आल्यापासून रविवार म्हणजे लँकेस्टर काउंटी ठरलेलंच. ते वहीत लिहितात, मी एक्सेलमध्ये चढवते. वर्ल्ड गाइडचा (अशा पुलांच्या यादीचं पुस्तक) नंबर कळला, ३८-३६ म्हणजे अडतिसावं राज्य, छत्तिसावी काउंटी, पुढे पुलाचा आकडा. अडलंय ट्रसच्या (पुलाचा भार पेलणारा सांगाडा) कॉलममध्ये. 'बर' म्हणजे आत मोठी कमान आणि उभे खांब, 'टाउन' म्हणजे तिरक्या फळ्यांची जाळी, लाकडी खुंट्या ठोकलेली, एवढं जमतं. पण परवा एका पुलात जाळीही होती आणि कमानही, कमानीचं लाकूड चक्क नवं, बोल्ट चकाकत होते, मग हा कुठल्या खान्यात टाकू? आणि खाली लोखंडी गर्डर घातलेत, लाकूड नुसतं शोभेला, असा पूल यादीत धरायचा का? बाबा म्हणतात खोडून टाक, माझ्या जिवावर येतं. अजून एक, आतले फोटो काळे येतात (दोन्ही तोंडांना उजेड, मध्ये अंधार) आणि फ्लॅश मारला की कबुतरं अंगावर. मोबाइलवर काय सेटिंग ठेवता?