५ डिसेंबरचा फ्लेक्स: ज्युनिअर पडलेलाच का दाखवायचा?

जुना सेंटर फॉरवर्ड
मिरजेच्या ग्राउंडवर आपल्या मंडळाच्या सात-सातच्या मॅचेस सुरू होतायत. गेटवर आठ बाय दहाचा फ्लेक्स लागलाय. क्रिस्तियानो ज्युनिअर गवतावर आडवा, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पंधरा कार्यकर्त्यांचे चेहरे, त्यातले चार गॉगल घातलेले. काल एक बारकं पोरगं बापाला विचारत होतं, "पप्पा, रोनाल्डो मेला?"

तर त्या पोरासाठी सांगतो. हा क्रिस्तियानो वेगळा. ब्राझीलचा, वय २५. २००३-०४ ला कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून राष्ट्रीय लीगमध्ये सगळ्यात जास्त, १५ गोल त्याचे, आणि लीगही ईस्ट बंगालची. मग गोव्याच्या डेम्पो क्लबनं त्याला उचलला. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. पहिला गोल त्याचा. ७८ व्या मिनिटाला दुसराही त्याचाच, आणि तो मारतानाच पुढे आलेल्या गोलकीपरशी टक्कर झाली. पडला तो उठलाच नाही, तिथंच गेला. मॅच डेम्पोनं २-० नं जिंकली. दहा नंबरची जर्सी त्यांनी पुन्हा कुणाला दिली नाही.

माझा प्रश्न साधा आहे. फायनलला दोन गोल मारणारा माणूस आपण पडलेलाच का दाखवतो? आजोबांचा फोटो भिंतीवर लावताना फेटा बांधलेला लावतो, तिरडीवरचा नाही.

मिरज जंक्शन
काका, डिझाइन माझं आहे, शिव्या मला घाला. गोलाचा फोटो शोधला नाही असं वाटलं का? मिळाला तो हाताच्या पंजाएवढा, तोही धुरकट. २००४ चा माल तो. आठ बाय दहाला ताणला की नुसते चौकोन दिसतात, पाय कुठला आणि बॉल कुठला कळत नाही.

आणि खरं सांगू का? हसऱ्या फोटोपुढं कोण गाडी थांबवत नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स समजून पुढं जातात. हा फोटो बघून माणसं थांबली, विचारायला लागली. तुम्ही पण एवढं लिहिलंत ते ह्याच फोटोमुळं.

एक नंबर जर्सी
मी बोलणार नव्हतो, पण गोलकीपरचा विषय निघाला म्हणून.

त्या फोटोत कुणी कधी गोलकीपरकडं बघितलंय? मोहन बागानचा सुब्रत पॉल. तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. पुढं २०११ च्या एशियन कपला दोह्यात भारताच्या गोलमध्ये उभा राहिला, त्याला लोक स्पायडरमॅन म्हणायला लागले. तरी दर ५ डिसेंबरला कुठंतरी ती क्लिप फिरते आणि खाली कॉमेंटमध्ये त्याचा उद्धार होतो.

मी चौदा वर्षं गोलमध्ये उभा आहे. फॉरवर्ड एकटा सुटून आला की पाऊण सेकंद असतो हातात. पुढं नाही गेलास तर "खांबाला बांधलाय काय रे ह्याला", आणि गेलास तर हे. तो फोटो लावणं म्हणजे दरवर्षी एका माणसाला नव्यानं पिंजऱ्यात उभं करणं. काढा तो.

विश्रामबाग रेड
+१. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू डंकन एडवर्ड्स आठवा. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकला टीमचं विमान पडलं, पंधरा दिवस हॉस्पिटलात झुंजून २१ तारखेला गेला. वय २१. त्याच्या गावात, डडलीत, बाजारपेठेत त्याचा पुतळा आहे. पायात बूट, पायाशी बॉल. चर्चच्या रंगीत काचेवर पण तो खेळाडूच्या कपड्यात आहे. खाटेवरचा एडवर्ड्स कुणी उभा केला नाही.

मिरज जंक्शन
अर्धंच सांगितलंस भावा. त्याच युनायटेडच्या स्टेडियमवर बाहेर घड्याळ टांगलंय, त्यावर काय लिहिलंय? '६ फेब्रुवारी १९५८, म्युनिक'. जिंकलेल्या कपची तारीख नाही, पडलेल्या विमानाची. मग ते चालतं आणि माझा फ्लेक्स तेवढा चालत नाही?

विश्रामबाग रेड
तारीख आणि प्रेत ह्यात फरक आहे रे. पण हो, घड्याळाचं डोक्यात नव्हतं.

वॉर्डातली ताई
मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, माझा भाऊ खेळतो म्हणून येते मॅचला. इथल्याच एका दवाखान्यात रात्रपाळी करते. माझं मत सगळ्यांच्या उलटं आहे. फोटो राहू द्या, श्रद्धांजली काढा.

गेल्या वर्षी सेमीफायनलला एक पोरगा छातीवर ढोपर बसून खाली पडला. मी कठड्यावरून उडी मारून आत जाईपर्यंत काय चाललं होतं सांगू? दोघं पाय चोळत होते, एक जण तोंडात पाणी ओतत होता, एकानं कांदा मागवला होता. कांदा! पोरगा शुद्धीवर होता म्हणून निभावलं. मंडळाची प्रथमोपचार पेटी उघडली तर आत स्प्रे, चिकटपट्टी आणि गोणपाटात गुंडाळलेला बर्फ. बर्फाखाली कुणाचं तरी कोल्ड्रिंक. मिरजेत चार पावलं टाकली की दवाखाना, कर्नाटकातनं माणसं इथं उपचाराला येतात, आणि ग्राउंडवर एकालाही छाती दाबता येत नाही.

२०२१ च्या युरोत डेन्मार्कचा एरिक्सन असाच कोसळला होता, कुणाची टक्करसुद्धा नसताना. हृदय थांबलं होतं. मैदानातच छाती दाबली, शॉक दिला. तो वाचला, छातीत मशीन बसवून परत खेळला, २०२४ च्या युरोत गोल पण मारला. २०१२ ला इंग्लंडमध्ये मुआम्बा नावाच्या खेळाडूचं हृदय तर ७८ मिनिटं बंद होतं, तोही जगला. ज्युनिअर काय केल्यानं वाचला असता ते मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण त्या फोटोखाली पंधरा चेहऱ्यांच्या जागी एवढंच लिहा: हाक मारून बघा, श्वास नसेल तर १०८ ला फोन, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाबा, गाडी येईपर्यंत थांबू नका.

हरभट रोड
ताईंचं पटलं. पण मूळ मुद्दा कुणी बोलेना. ब्राझीलच्या माणसाचा फ्लेक्स, आणि आपला स्वतःचा लेफ्ट विंगर तीन वर्षांपूर्वी हायवेला मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याचा साधा ए-फोर कागद नाही गेटवर? एकोणीस वर्षांचा होता. डावा पाय असा की कोल्हापूरच्या पेठांतून बोलावणं यायचं. लांबच्यासाठी रडायला पैसे लागत नाहीत, म्हणून का?

मिरज जंक्शन
दादा, हे तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. त्याचा फ्लेक्स छापून तयार होता. त्याची आई मंडळात आली आणि म्हणाली, "लावू नका." रोज सकाळी भाजी घ्यायला त्या गेटवरनंच जावं लागतं तिला. तो गुंडाळलेला फ्लेक्स अजून आपल्या खोलीत कपाटावर आहे. त्यात तो हसतोय, बॉल काखेत.

हरभट रोड
माहीत नव्हतं. चुकलं.

जुना सेंटर फॉरवर्ड
मला पण हे कुणी बोललं नव्हतं.

मग आता मलाच सांग पोरा. आपल्या पोराचा हसरा फोटोसुद्धा आईला बघवणार नाही म्हणून आपण कपाटावर ठेवला. ज्युनिअरची आई मिरजेला भाजी घ्यायला येत नाही, एवढ्याच जोरावर त्याचा पडलेला फोटो गेटवर लागला ना?

मिरज जंक्शन
काका, हे बोलणं जरा लागलं.

पण ताईंचा मुद्दा सोडू नका. नुसता गोलाचा फोटो लावून खाली छाती कशी दाबायची लिहिलं तर कोण वाचणार?

वॉर्डातली ताई
वाचणार नाहीत. म्हणून पहिल्या मॅचच्या आधी अर्धा तास मला द्या. उशी घेऊन येते. प्रत्येक टीमचे दोन जण पुढं येऊन दाबून दाखवतील, नाहीतर टॉस नाही. हे झालं तर फोटोचं तुम्ही काय करायचं ते करा, माझं काही म्हणणं नाही.

एक नंबर जर्सी
ताई, माझं नाव पहिलं लिहा. गोलकीपर सगळ्यात आधी पोचतो.

जुना सेंटर फॉरवर्ड
कबूल. पण फोटो काढायचाच.

मिरज जंक्शन
छापणाऱ्याला आत्ताच फोन लावला. परत छापायचा तर तेवढेच पैसे, वर दोन दिवस. मंडळाच्या खात्यात बक्षिसाचे सोडून काही नाही. एक होऊ शकतं. फ्लेक्सची मागची बाजू पांढरी आहे. उलटा करून बांधला तर ब्रशनं लिहिता येईल. वर '१०, ज्युनिअर, २ गोल' आणि खाली ताईंच्या ओळी. पंधरा जणांचे चेहरे मागं जातील, त्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा काका. अक्षर कुणाचं चांगलं आहे?